पळून आलेलं रक्त

सरांबद्दल लिहायचा मला काही अधिकार नाही, हे आधीच कबूल करते. आमच्या घरात आजोबांनी अंगठा उठवला, आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सही केली, आणि मी आता एकदम चार पानं लिहायला बसले आहे, म्हणजे जरा जास्तच झालं. शिवाय सरांचं ज्यांनी नुकसान केलं त्यांत माझं नाव पहिलं आहे. अशा मुलीनं त्यांच्याविषयी लिहावं हे बरं दिसत नाही. पण दुसरं कुणी लिहिणार नाही. कॉलेजात त्यांना विसरून झालंय आणि गावात त्यांच्याबद्दल जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेलं निम्मं मला माहीत आहे, म्हणून हे धाडस. चुकलं तर माफ करा.

सर आमच्याकडे भाड्यानं राहायचे. आप्पांनी वरच्या दोन खोल्या खरं तर आयटीतल्या मुलांसाठी बांधल्या होत्या. आले सर. एक ट्रंक, एक गादी आणि गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन. ते गोधडीतलं त्यांनी आधी वर नेलं, दोन्ही हातांनी, पायरी पायरी बघत. आईला वाटलं, देव असणार. ती हळदकुंकवाचं ताट घेऊन मागोमाग गेली. सरांनी गोधडी सोडली तर आत वजनकाटा.

"अगं बाई," आई म्हणाली आणि परत फिरली.

"थांबा की वहिनी," सर म्हणाले, "वाहा कुंकू. हरकत नाही. खरं तेच बोलतो हा."

आईनं खरंच वाहिलं. त्या काट्याच्या कोपऱ्यावरचा कुंकवाचा डाग शेवटपर्यंत होता.

सर अंगानं भरपूर होते. आमचा जिना लोखंडी. ते चढायला लागले की गोठ्यातली म्हैस कान टवकारायची. पण त्यांच्यासमोर कुणी कुणाला जाड म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. वर्गात एकदा एका मुलानं तो शब्द वापरला तर सरांनी खडूच खाली ठेवला. "जाड पुस्तक असतं," ते म्हणाले. "माणसाबद्दल बोलायचं तर म्हणा, याच्यावर जमिनीचा जीव जास्त आहे. ती याला जोरात ओढते. यात त्या माणसाचा काय दोष?"

ते आम्हाला लवळ्याच्या डोंगरावरच्या एका कॉलेजात शरीरशास्त्र शिकवायचे. परभणीकडचे होते. नोकरी कायमची नव्हती, दर उन्हाळ्यात एक वर्ष पुढे ढकलली जायची. त्यांच्याकडे एक स्कूटर होती, आणि त्या स्कूटरवरून ते डोंगर फक्त उतरायचे. चढताना तिला हातानं ढकलत न्यायचे. रोज. सुरुवातीला सगळे रिक्षावाले थांबायचे, "सर, प्येट्रोल सपलं का?" म्हणून. पिरंगुटचा एक मेकॅनिक तर आपण होऊन वर आला, स्कूटर उघडली, सगळं तपासलं आणि म्हणाला, "सर, हिला काय बी झाल्यालं न्हाई."

"मी कुठं म्हणालो झालंय?" सर म्हणाले. "चढायचं मला असतं, तिला नाही."

"मग तिला खाली ठेवा की."

"एकटीला?"

 मेकॅनिकनं पाना पिशवीत टाकला आणि सरांबरोबर स्कूटरला हात लावून शेवटपर्यंत चढला. असं लोकांचं व्हायचं त्यांच्यापुढे.

ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे. शाळेतल्या मुलांनासुद्धा. माझा चुलतभाऊ बाबू तेव्हा पाचवीत होता आणि त्याच्यावर जमिनीचा फार जीव होता. गावात त्याला ढोल्या म्हणायचे. कबड्डीत घ्यायचे नाहीत, आणि घेतलं तर नुसतं रेषेवर उभं करायचे. आमची काकी, म्हणजे त्याची आई, सरांना म्हणाली, "सर, ह्याचं काय तरी बघा. ह्यो जेवनाचा नुस्ता वास घेतला तरी फुगतोय."

सर त्याच्याकडे वळले. "बाबूराव, बसा. काय आवडतं तुम्हाला?"

बाबूनं मागं बघितलं. त्याला वाटलं, दारात दुसरा कुणी बाबूराव आलाय.

आता त्या संशोधनाचं सांगते. ते नीट सांगितलं नाही तर पुढचं कळणार नाही, आणि सर म्हणायचे की ज्याला आपल्या आईला सांगता येत नाही त्याला ते आलेलंच नाही. मी आईला असं सांगितलं होतं: आपण स्नायूला हमाल समजतो. उचल, ठेव, चाल. पण तो हमाल चिठ्ठ्याही लिहितो. अंग हललं, पाय पळाले की स्नायू रक्तात एक चिठ्ठी सोडतो. तिचं नाव आयरिसिन. ग्रीक लोकांची निरोप पोचवणारी एक देवी होती, तिच्यावरून ठेवलेलं. चिठ्ठी चरबीकडे जाते. मजकूर एवढाच की बाई, नुसती साठून राहू नकोस, जरा जळ. उंदरांत तरी असं दिसलंय, माणसांत अजून भांडण चालू आहे.

"मग ढोल्याच्या, आपलं, बाबूच्या रगतात चिठ्ठ्या कमी असत्याल," आई म्हणाली.

मी हेच सरांना विचारलं होतं, तेव्हा ते टेबलावर हात आपटून हसले होते. "अहो, तीच तर गंमत आहे! मुलांत मोजल्या तर कुठं वजनाबरोबर कमी निघतात, कुठं जास्त निघतात. जास्तवाले म्हणतात, चिठ्ठ्या ढीगभर येतात पण चरबी वाचत नाही. कमीवाले म्हणतात, लिहिणाराच आळशी. दोन्हीकडं शहाणी माणसं आहेत. म्हणजे मधे आपल्यासारख्यांना बसायला जागा आहे."

ती जागा मिळवण्यासाठी सर आमच्या खोऱ्यातल्या शाळांमधून हिंडत होते. सगळ्या परवानग्या, पालकांच्या सह्या, सगळं रीतसर. स्कूटरवर मागं गोधडीतला काटा, आणि पुढं पायांपाशी किराणा दुकानातून मागून आणलेलं पाच किलोचं लोखंडी माप. शाळेत पोचल्यावर आधी ते माप काट्यावर ठेवायचं. काटा पाचच म्हणाला की सर त्याला "शाबास" म्हणायचे. मग चपला काढून सगळ्या शाळेसमोर स्वतः उभे राहायचे आणि एखाद्या मुलीला आकडा मोठ्यानं वाचायला सांगायचे. ती वाचायची. पोरं हसून लोळायची. मास्तरसुद्धा भिंतीकडे तोंड करून हसायचे. सर शांतपणे हसू संपायची वाट बघायचे.

"झालं? पोटभर? आता आजचं हसणं संपलं."

त्यानंतर काट्याची तबकडी भिंतीकडे वळायची. प्रत्येक मुलाचा आकडा सर एका कागदावर लिहायचे, चार घड्या घालायचे आणि त्याच्या हातात द्यायचे. आया खिडकीतून ओरडायच्या, "सर, किती भरला?" सरांचं उत्तर ठरलेलं. "वजन त्यांचं आहे, गावाचं नाही. त्यांना विचारा."

आमच्या गावच्या शाळेचा दिवस आला तेव्हा भाद्रपद होता, खाचरांत भात गुडघ्याएवढा. मी सेकंड इयरला होते आणि सरांनी मला पहिल्यांदा काम दिलं. एकच काम. रक्त घ्यायच्या आधी प्रत्येक मुलाला अर्धा तास शांत बसवायचं. पळायचं नाही, मारामारी नाही, कारण पळालं की स्नायू लगेच चिठ्ठ्या सोडतो आणि मग आकडा त्या मुलाचा राहत नाही, त्या पळण्याचा होतो. रजिस्टरमध्ये एक रकाना होता, 'शांत बसला का?' त्यात मी होय किंवा नाही लिहायचं. आप्पांनी ही गोष्ट आदल्या दिवशी दुकानावर सांगितली होती. "सरांचं समदं आमच्या पोरीच्या सहीवर हाय," असं. म्हणून मी इस्त्रीचा ड्रेस घालून गेले होते.

पहिला घोळ उपाशी पोटाचा झाला. आयांना चार वेळा सांगितलं होतं की पोरांना उपाशी आणा.

"उपाशीच हाय," एकजण म्हणाली. "फकस्त च्या आन् बटर."

"वहिनी, बटर म्हणजे खाणंच की."

"च्यात बुडवलं व्हतं."

सरांना असल्या गोष्टी पाठ होत्या. त्यांनी अशी सहा पोरं बाजूला काढली आणि दुसऱ्या दिवसावर टाकली, जराही न चिडता. घोळ तिथं झाला नाही. घोळ रांगेत झाला. गावात दवाखान्याचं काम बघणाऱ्या आशाताई म्हणाल्या, बारक्यांना आधी घ्या, ती रडत बसतील. सगळ्यांना पटलं. म्हणून किरकोळ पोरं पुढे आणि अंगानं भारी पोरं शेवटी. याचा अर्थ असा झाला की भारी पोरांनी खिडकीतून सुई वीस-बावीस वेळा बघितली.

एकविसाव्या की बाविसाव्या वेळी बाबू उठला. त्यानं आवाज केला नाही. पोटऱ्यांवर हात फिरवला, दप्तर नीट भिंतीला टेकवलं आणि दारातून बाहेर पडून पळाला. त्याच्यामागे बाकीची अकरा. शाळेच्या मागून थेट खाचरात, बांधावरून ओढ्याकडे. मी मागे, माझ्यामागे आशाताई, त्यांच्यामागे "धरा, धरा" म्हणत पोरांच्या आया, आणि सगळ्यांत मागे एक कुत्रं. माझी एक चप्पल तिसऱ्या बांधाजवळ गेली ती आजपर्यंत सापडलेली नाही. सर पलीकडच्या वर्गात होते, एका रडणाऱ्या मुलीला बेडकाचं हृदय कसं उडतं ते सांगत होते. त्यांना काही कळलं नाही.

अर्ध्या तासानं आम्ही सगळ्यांना ओढ्यावरून पकडून आणलं. काकुळतीला येऊन, कुणाला गोळी देतो म्हणून, कुणाला कानाला धरून. गुडघ्यापर्यंत चिखल. मी नळावर सगळ्यांचे पाय धुतले. पुण्याहून आलेल्या रक्त घेणाऱ्या ताई घड्याळाकडे बघत होत्या, त्यांची बर्फाची पेटी दुपारच्या आत पोचायला हवी होती. "आहे का कुणी अजून?" त्यांनी विचारलं. बारा पोरं धापा टाकत आत गेली. आणि रजिस्टर माझ्या हातात होतं.

मी बारा वेळा 'होय' लिहिलं.

का लिहिलं, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलंय. एकच काम दिलं होतं आणि ते माझ्याच्यानं झालं नाही, हे मला कागदावर मांडवेना. बस्स, एवढंच.

दोन-तीन आठवड्यांनी आकडे आले. सर जिन्यावरून पळत खाली आले, म्हैस उठून उभी राहिली. बाकीच्या गावांत वजनाचं आणि आयरिसिनचं काही जमत नव्हतं, आलेखावर सगळे ठिपके विखुरलेले. पण आमच्या गावात मूल जितकं वजनदार तितकं आयरिसिन वर. सरळ चढण. भारी बारा जणं तर कागदाच्या माथ्यावर जाऊन बसलेली.

"या गावात काहीतरी आहे!" सर म्हणाले. "पाणी? चढउतार? की हा तुमचा इंद्रायणी तांदूळ?"

त्यांनी तपासाला भातापासून सुरुवात केली. आमच्याकडे रोज दोनदा जेवायला लागले. प्रत्येक घास डोळे मिटून खायचे आणि म्हणायचे, "आहे, यात आहे." आई खूश. तिनं ते विहिरीवर सांगितलं. आठवड्याभरात गावाला कळलं की आपल्या पोरांच्या रक्तात असं काही आहे जे आख्ख्या खोऱ्यात नाही. आमच्या भावकीतले एक दादा फार्महाऊसचे प्लॉट विकतात. त्यांनी फाट्यावर फ्लेक्स लावला. हिरवा डोंगर, कोपऱ्यात दादा गॉगल लावून, आणि मोठ्या अक्षरांत, 'या मातीत काहीतरी आहे. शास्त्रज्ञांनीही मानले!' खाली मोबाइल नंबर. पोरांचा तोरा तर विचारू नका. बाबूला कुणी ढोल्या म्हटलं की तो म्हणायचा, "रगात बघ माजं."

मला जेवण जाईना. सरांची नोकरी पुढच्या वर्षी चालू ठेवायची का, ते कॉलेजची समिती याच कामावरून ठरवणार होती. सर कागद तयार करत होते आणि त्यांच्या सगळ्या आनंदाखाली माझे बारा 'होय' होते. तीन वेळा मी जिन्याच्या निम्म्यात जाऊन परत आले. शेवटी लवळ्याच्या चढावर बोलले, कारण तिथं सरांना दम लागलेला असायचा आणि मला वाटलं, त्यांना लगेच ओरडता येणार नाही. ते हँडल धरून पुढे, मी मागून ढकलत होते.

"सर, त्या दिवशी आमच्या गावातली शेवटची बारा पोरं शांत बसली नव्हती."

"मग?"

"पळाली होती."

सर थांबले. स्कूटर मागे यायला लागली. "धरा, धरा!" त्यांनी पायानं एक दगड चाकामागं सरकवला आणि माझ्याकडे वळले. चेहरा घामानं चमकत होता.

"किती वेळ?"

"सर, मी खोटं लिहिलं. तुम्ही रागवा ना."

"रागावतो. पण आधी वेळ सांगा. राग टिकतो, वेळ विसरते. कुठून कुठं पळाली? पुढं कोण होतं?"

"ओढ्यापर्यंत. पुढं बाबू."

"बाबूराव पुढं?" आणि शपथेवर सांगते, त्या क्षणी सर हसले. मग ते हसू हळूहळू गेलं आणि त्यांनी विचारलं, "तुम्ही 'होय' का लिहिलंत?"

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलंच असतं," सर म्हणाले. "दहा मिनिटं."

 आम्ही स्कूटर वरपर्यंत नेली. वर गेल्यावर त्यांनी रजिस्टर काढलं आणि मला बाराही 'होय' खोडायला लावले. प्रत्येकापुढे लिहायचं, 'नाही, पळाला', आणि शेजारी माझं पूर्ण नाव. बारा वेळा. आजोबांचा अंगठा बरा होता, असं मला तेव्हा वाटलं.

पण रविवारी ते अर्धी चड्डी घालून आमच्या दारात उभे. "बाबूराव आहेत का? रस्ता दाखवायचाय." त्यांना बघायचं होतं की तेवढ्या पळण्यात किती दम लागतो. सगळं गाव बांधावर. आप्पांच्या हातात घड्याळ. बाबूनं सुरुवात केली, मागं सर. पहिला बांध, दुसरा बांध, आणि तिसऱ्या बांधावरून सर आडवे खाचरात गेले. असा आवाज झाला की बगळे उठले. चौघांनी त्यांना उपसून काढलं. सगळं गाव पोट धरून हसत होतं आणि सर चिखलातून बोट वर करून ओरडत होते, "आप्पा, घड्याळ थांबवू नका!"

ओढ्यापाशी बाबू कमरेवर हात ठेवून उभा होता. "या की सर! एवढंच तर ऱ्हायलंय!" त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा शर्यतीत त्याच्यामागं कुणीतरी होतं.

समितीसमोर सरांनी ती बारा नावं स्वतः काढून टाकली. ती गेल्यावर चढण गेली, आमचं गावही बाकीच्यांसारखं विखुरलेले ठिपके झालं. कुणीतरी विचारलं म्हणे, मग तुम्हाला सापडलं काय? सर म्हणाले, "भारी मुलं पळतात हे सापडलं." समितीला ते पुरेसं वाटलं नाही. माझं नाव त्यांनी तिथं घेतलं नाही. 'नमुने घेताना माझ्याकडून चूक झाली' असं त्यांनी लिहून दिलं, हे मला नंतर शिपाईमामांनी सांगितलं.

प्लॉटवाले दादा मात्र रागावले. "सर, बोर्ड लागलाय. आता रगात साधं निघालं म्हणून कसं सांगायचं?"

"'काहीतरी आहे' एवढंच लिहिलंय ना? असू दे," सर म्हणाले. "काहीतरी सगळीकडंच असतं."

उन्हाळ्यात ते गेले. काटा त्यांनी गावच्या शाळेला दिला, तबकडी भिंतीकडे ठेवायच्या अटीवर. गोधडी घेऊन गेले. आईनं इंद्रायणीची पिशवी बांधून दिली. मी खाली मान घालून उभी होते. मला म्हणाले, "रकाना रिकामा ठेवलात तरी चालतो, एवढं लक्षात ठेवा."

त्यानंतर त्यांचा फोन लागेना. भाडेकराराच्या कागदावरच्या पत्त्यावर दोन पत्रं टाकली, दोन्ही परत आली. मला त्यांना एक गोष्ट कळवायची होती. त्या रविवारपासून बाबू रोज सकाळी ओढ्यापर्यंत पळतो. कुणी सांगितलं नाही, कुणी बक्षीस दिलं नाही. तालुक्याच्या शर्यतीत तो शेवटून तिसरा आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत पळाला. काकी म्हणते, "पळून यितोय आन् दोन भाकरी जास्त खातोय." बाकी काहीही बदललेलं नाही. तो आता आठवीत आहे आणि जमिनीचा त्याच्यावरचा जीव तसाच आहे.

यंदा पिरंगुटच्या एका लॅबमध्ये मी शिकाऊ म्हणून लागले. तिथं त्या रक्त घेणाऱ्या ताई भेटल्या. त्यांच्याकडे पत्ता होता. सर परभणीकडच्या एका गावी शाळेत शिकवतात आणि चढ नसल्यामुळे नाराज आहेत, असं कळलं. मी सगळं लिहून पाठवलं, शेवटून तिसऱ्या नंबरासकट. आणि ती बातमी या वेळी पोचली, कारण गेल्या आठवड्यात पाकीट आलं. माझ्यासाठी एक ओळ होती. 'म्हणजे चिठ्ठ्या येतायत. वाचणारा वाचेल तेव्हा वाचेल.' आणि आत चार घड्या घातलेला एक कागद, वर लिहिलेलं, 'श्री. बाबूराव यांस'.

तो मी उघडला नाही. गोठ्यापाशी बाबूच्या हातात दिला. त्यानं माझ्याकडे पाठ करून वाचला, एकदा, मग परत एकदा. कान लाल झाले. मग घड्या घालून खिशात ठेवला.

"काय लिहिलंय रे?"

"तुला कशाला सांगू, ताई?" बाबू म्हणाला. "गावाला कळंल."